वार्धक्य, विस्मृती आणि राज्य : जपानमधील साठ वर्षे

राज्यसंस्थेच्या दप्तरात कोणत्या दुःखाला जागा मिळते आणि कोणते दुःख घरातल्या घरात जिरवले जाते, यावरून त्या राज्याचा स्वभाव ओळखता येतो. दुष्काळासाठी संहिता असते, साथीच्या रोगांसाठी कायदा असतो, महापुरासाठी मदतनिधी असतो. परंतु घरातील वडीलधारे माणूस हळूहळू आपले नाव, आपले घर, आपली मुले विसरू लागले, रात्री-अपरात्री दार उघडून बाहेर पडू लागले, तर त्यासाठी खाते कोणते, तरतूद कोणती आणि अधिकारी कोण, हा प्रश्न जगातील बहुतेक राज्यांना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत पडलाच नव्हता. ते काम घराचे, आणि घर म्हणजे घरातील बाई, हे सर्वांनी गृहीतच धरले होते. हे गृहीत जपानात एकेक पायरीने कसे ढासळले, त्याची हकीकत आम्ही येथे सांगणार आहोत. आशियातील देशांत वार्धक्याची लाट प्रथम तेथे पोहोचली. थोरल्या मुलाने आईबापांना सांभाळावे आणि थोरल्या सुनेने त्यांची सेवा करावी, ही तेथील रीतही आपल्याकडील रीतीशी बरीच मिळतीजुळती आहे. शिवाय ज्यांचे आयुष्य टिपणी, मंजुरी आणि तरतूद यांत गेले, त्या आमच्या वाचकांस तेथील कारभाराची भाषा फारशी परकी वाटणार नाही.

१८९८ साली अमलात आलेल्या मेइजीकालीन कुटुंबकायद्याने घराण्याचे कर्तेपण आणि घराण्याची मालमत्ता थोरल्या मुलाकडे सोपविली होती. त्याबरोबर वृद्धांचा सांभाळही त्याच्याकडे आला. प्रत्यक्षात तो त्याच्या पत्नीकडे आला. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ साली, ही घराणेपद्धती कायद्यातून काढून टाकण्यात आली आणि सर्व मुलांना वारशात समान हक्क मिळाला. मालमत्तेची वाटणी झाली, शुश्रूषेची झाली नाही. रक्ताच्या नात्यातील माणसांनी परस्परांचा सांभाळ करावा, हे कलम नव्या कायद्यातही राहिले. सुनेला सासऱ्याच्या मालमत्तेत वाटा नव्हता, पण त्याच्या उशाशी बसण्याचे काम मात्र पूर्ववत् तिचेच राहिले. म्हाताऱ्या आईला पाठुंगळी घेऊन डोंगरावर सोडून येणाऱ्या मुलाची एक लोककथा जपानात फार जुनी आहे. अशी चाल खरोखर होती, याला इतिहासाचा आधार सापडत नाही. परंतु जी कथा शतकानुशतके सांगितली जाते, तिच्यामागे काही धाक असतोच.

वृद्धांच्या कल्याणाचा स्वतंत्र कायदा जपानने १९६३ साली केला. त्या वर्षी साऱ्या देशात शंभरी ओलांडलेली माणसे अवघी १५३ होती, आणि सरकार त्यांचा गौरव करीत असे. (२०२५ साली हा आकडा ९९,७६३ वर गेला होता.) या कायद्याने अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांसाठी विशेष शुश्रूषागृहे निर्माण केली, घरोघर जाणाऱ्या मदतनीस नेमल्या. तथापि कोणाला जागा द्यायची, कोठे द्यायची, हे सरकारी कचेरी ठरवी. जपानी भाषेत याला ‘सोची’ म्हणत. आपल्याकडील कचेरीत प्रकरणाची ‘वासलात’ लावतात, त्याच्या जवळपास जाणारा हा शब्द आहे. अर्जदाराला निवडीचा हक्क नव्हता. घरात करणारे कोणी आहे काय, याची चौकशी आधी होई. सून असली की करणारे कोणी आहे, असा शेरा पडे. तशात या कायद्याच्या डोळ्यांपुढे पंगू शरीराचा वृद्ध होता. पाय धड आणि मन हरवलेले, असा वृद्ध त्याच्या चौकटीत नीट बसत नव्हता. वस्तुतः राखणीच्या दृष्टीने तोच अधिक अवघड.

त्या वृद्धाला सार्वजनिक विचारात आणले ते कोणत्याही समितीने नव्हे, एका कादंबरीने. आरियोशी सावाको या लेखिकेची ‘कोकोत्सु नो हितो’ ही कादंबरी १९७२ साली प्रसिद्ध झाली आणि एका वर्षात तिच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. तिची नायिका आकिको वकिलांच्या कचेरीत टंकलेखन करते. नवरा व्यापारी कंपनीत गुंतलेला. सासू अकस्मात वारते आणि मग ध्यानात येते की सासरे शिगेझो यांची स्मृती केव्हाच ढळली आहे. ते पोटच्या मुलाला ओळखत नाहीत, मुलीला ओळखत नाहीत. ओळखतात ती सुनेला, जिला त्यांनी आयुष्यभर टोचून खाल्ले. नवरा वडिलांकडे पाहून आपल्या स्वतःच्या म्हातारपणाच्या भीतीने गप्प होतो, आणि रात्री उठण्याचे काम आकिकोवर पडते. कल्याण-अधिकारी बाई घरी येतात, आस्थेने बोलतात. पण नोकरी करणाऱ्या सुनेला देण्याजोगे त्यांच्यापाशी काही नसते. वाङ्मयदृष्ट्या ही कादंबरी श्रेष्ठ की नव्हे, या वादात आम्हांला पडावयाचे नाही. आमच्या मते तिचे ऐतिहासिक महत्त्व असे की, आजवर लाखो घरांत जी गोष्ट शेजाऱ्यांपासून लपविली जात होती, ती एकदम सर्वांची झाली. पुस्तकाचे नाव म्हणजे ‘भान हरपलेला माणूस’. ते काही काळ वृद्धांच्या विस्मृतीचे लोकांच्या तोंडचे नावच होऊन बसले.

सरकारने मात्र उत्तर दिले ते वेगळ्याच प्रश्नाचे. १९७३ साली सत्तर वर्षांवरील सर्वांस औषधोपचार मोफत झाले. या वर्षाला जपानी लोक ‘कल्याणाचे पहिले वर्ष’ म्हणतात; तेलाचे भाव भडकले तेही याच वर्षी. घरी सांभाळणारे कोणी नाही आणि शुश्रूषागृहात जागा नाही, अशा वृद्धांना मग रुग्णालयात ठेवण्याची रीत पडली. इलाजासाठी नव्हे, केवळ ठेवण्यासाठी. विस्मृतीचे रुग्ण पुष्कळदा मनोरुग्णालयांत गेले, आणि भटकू नयेत म्हणून खाटेला बांधले गेले. १९८२ च्या कायद्याने ही मोफत पद्धत संपली, परंतु रुग्णालय म्हणजे वृद्धांचे वखार ही सवय सहजी गेली नाही. ज्या कामासाठी खाते नसते ते काम शेजारच्या खात्याच्या अंदाजपत्रकात शिरते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.

१९८० च्या जानेवारीत क्योतो येथे अशा वृद्धांना सांभाळणारी माणसे एकत्र जमली आणि त्यांनी एक संघ स्थापन केला. ताकामी कुनिओ हे त्याचे दीर्घकाळ अध्वर्यू होते. संघाचे पहिले काम साधे होते: महिन्यातून एकदा जमावे, एकमेकांचे ऐकावे. जो तीन वर्षे रात्री सलग झोपलेला नाही, त्याची गोष्ट दुसऱ्या न झोपलेल्यालाच कळते. पुढे या बोलण्यातूनच सरकारकडे जाणारे अर्ज तयार झाले. १९८३ साली हिगुची केइको यांनी स्त्रियांची एक संघटना उभारली आणि सुनेने करावयाच्या सेवेला जो सद्गुणाचा मुलामा चढविला जात होता, तो खरवडून काढण्यास प्रारंभ केला.

१९८९ च्या एप्रिलात जपानने ३ टक्के उपभोगकर बसविला. कर लोकांना रुचला नाही. तो वृद्धांसाठी आहे हे दाखविणे राज्यकर्त्यांना भाग होते. डिसेंबरात दहा वर्षांची ‘सुवर्णयोजना’ जाहीर झाली: १ लाख गृहसाहाय्यिका, अल्पकाळ ठेवण्यासाठी ५० हजार खाटा, दिवसा सांभाळणारी १० हजार केंद्रे. १९९४ साली गृहसाहाय्यिकांचे लक्ष्य १ लाख ७० हजारांवर नेण्यात आले. करामागचा राजकीय हेतू काहीही असो, आकडे बांधून घेतल्याचा एक फायदा झाला. नगरपालिकांना आपापल्या हद्दीतील वृद्ध मोजावे लागले, आणि मोजू लागल्यावर ‘घरात करणारे कोणी आहे’ या शेऱ्यामागची माणसे दिसू लागली. पुष्कळ ठिकाणी ती स्वतःच सत्तरीची होती.

यातून १९९७ च्या डिसेंबरात शुश्रूषा-विम्याचा कायदा झाला आणि १ एप्रिल २००० पासून तो अमलात आला. चाळिशीवरील प्रत्येकाने हप्ता भरावयाचा; निम्मा पैसा हप्त्यांतून, निम्मा करांतून; विमा चालविणार नगरपालिका; वृद्धाची पाहणी करून त्याची गरज किती, याचा दर्जा ठरवायचा; आणि घरात सून आहे की नाही हे त्या पाहणीत विचारायचे नाही. हे शेवटचे कलम आम्हांला साऱ्या कायद्याचा गाभा वाटते. अल्पवयात विस्मृती जडलेल्यांनाही, म्हणजे चाळीस ते चौसष्ट या वयात, त्याचा लाभ मिळू लागला.

त्या वेळी एक मोठा वाद झाला. १९९५ पासून जर्मनीत असाच विमा होता आणि तेथे घरी शुश्रूषा करणाऱ्या कुटुंबाला रोख रक्कम घेता येई. जपाननेही तसेच करावे, असे अनेकांचे म्हणणे होते. घरच्या माणसाच्या श्रमाला मोल नाही काय, हा प्रश्न रास्तच होता. परंतु स्त्रियांच्या संघटनांनी रोख रकमेला कसून विरोध केला. त्यांचा युक्तिवाद असा की, पैसे घराच्या हाती पडतील आणि काम सुनेच्याच हाती राहील. किंबहुना आता पैसे मिळतात म्हणून तिला नाही म्हणण्याचीही सोय उरणार नाही. अखेर रोख रक्कम वगळली गेली. मिळेल ती सेवाच मिळेल, असे ठरले. कायदा लागू होण्यास काही महिने उरले असता, १९९९ च्या शरदात, सत्ताधारी पक्षाचे धोरणप्रमुख कामेई शिझुका यांनी या विम्याने मुलांनी आईबापांना सांभाळण्याची चांगली चाल बुडेल, अशी हरकत घेतली. तडजोड म्हणून वृद्धांचे हप्ते पहिले सहा महिने माफ आणि पुढे एक वर्ष निम्मे झाले. चाल वाचविण्यासाठी हप्ता माफ करावा, यातील तर्क आम्हांला अद्याप उमगलेला नाही. लोकांनी आपला कौल वेगळ्या रीतीने दिला. एप्रिल २००० मध्ये २१ लाख ८० हजारांच्या आसपास असलेले प्रमाणित लाभार्थी दोन तपांनंतर ७० लाखांच्या घरात गेले. वृद्धांचा सरासरी मासिक हप्ताही २,९११ येनांवरून २०२४ साली ६,२२५ येनांवर गेला, हे हिशेबाच्या दुसऱ्या बाजूस लिहिले पाहिजे.

शब्दांचा इतिहासही येथे विसरता येत नाही. या विकाराला जपानी सरकारी भाषेत ‘चिहो’ म्हणत. त्यातील दोन्ही चित्राक्षरांचा अर्थ मूढपणाकडे झुकणारा. आपल्या मराठीलाही यात नाक मुरडण्याचे कारण नाही. ‘म्हातारचळ’ हा शब्द आपण हसत हसत वापरतो आणि ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून विषय संपवतो. चळ म्हटला की रोग राहत नाही, म्हाताऱ्याचा दोष होतो. आणि दोषावर वैद्य बोलावीत नाहीत. २००४ च्या डिसेंबरात जपानी आरोग्यखात्याने समिती नेमून विचार केला व ‘चिहो’ टाकून ‘निन्चिशो’, म्हणजे आकलनाचा विकार, हा शब्द स्वीकारला. त्या समितीत वैद्य हासेगावा काझुओ होते. १९७४ साली त्यांनीच या विकाराच्या परीक्षेची प्रश्नमाला तयार केली होती: आपले वय काय, आज वार कोणता, शंभरातून सात वजा केल्यास किती, त्यातून पुन्हा सात वजा केल्यास किती. अर्धशतक जपानी वैद्य हे प्रश्न विचारीत आले आहेत. २०१७ साली हासेगावा यांनी स्वतःलाच हा विकार जडल्याचे जाहीर केले आणि २०२१ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते त्याविषयी बोलत व लिहीत राहिले.

विमा आला म्हणजे सारे सुरळीत झाले, असे समजण्याचे कारण नाही. २००६ च्या फेब्रुवारीत क्योतो येथे चौपन्न वर्षांच्या एका मुलाने नदीकाठी आपल्या शहाऐंशी वर्षांच्या विस्मृतिग्रस्त आईचा प्राण घेतला आणि स्वतःचाही घेण्याचा प्रयत्न केला. आईला सांभाळण्यासाठी त्याने नोकरी सोडली होती. निर्वाह-साहाय्य मिळाले नव्हते. घरभाडे देण्यास पैसे उरले नव्हते. जुलैत न्यायालयाने त्याला अडीच वर्षांची शिक्षा दिली आणि ती तहकूब ठेवली. येथे आरोपीबरोबर शुश्रूषा-विम्याचा व निर्वाह-साहाय्याचा कारभारही कसोटीला लागला आहे, अशा अर्थाचे उद्गार न्यायाधीशांनी काढले. ज्या टेबलावरून तो मनुष्य परत गेला, त्या टेबलामागे बसलेल्या कारकुनाने नियमाबाहेर काही केले नसावे. प्रश्न नियमाचा होता.

आता आम्ही ज्या खटल्याकडे येत आहोत, तो साऱ्या हकीकतीचा कळस होय. ७ डिसेंबर २००७ रोजी आइची प्रांतातील ओबू गावी एक्क्याण्णव वर्षांचे एक गृहस्थ सायंकाळी घराबाहेर पडले. घरात त्यांच्या पंचाऐंशी वर्षांच्या पत्नी होत्या. त्यांना स्वतःलाच शुश्रूषेची गरज असल्याचा दाखला विम्याने दिलेला होता. थोरली सून बाहेर सासऱ्यांनी केलेली घाण आवरीत होती. तेवढ्यात वृद्ध पत्नीला डुलकी लागली. गृहस्थ स्थानकावर गेले, गाडीत बसले, पुढच्या स्थानकावर उतरले, फलाटाच्या टोकाचे फाटक उघडून रुळांवर आले आणि गाडीखाली सापडले. रेल्वे कंपनीने गाड्या अडल्याच्या नुकसानीदाखल कुटुंबाकडे सुमारे ७२ लाख येन मागितले.

या घराची व्यवस्था आमच्या वाचकांनी लक्षपूर्वक पाहावी. थोरला मुलगा नोकरीनिमित्त वीस वर्षांहून अधिक काळ योकोहामाकडे राहत होता. वडिलांची प्रकृती ढासळल्यावर त्याची पत्नी एकटी ओबूला येऊन राहिली, आणि तो स्वतः सुट्टीच्या दिवशी, महिन्यातून दोन-तीनदा, येऊन जाऊन असे. दिल्लीत, कलकत्त्यात, हैदराबादेत राहून गावाकडील वाड्यातल्या आईवडिलांची काळजी वाहणारी जी कुटुंबे आम्हांला ठाऊक आहेत, त्यांची व्यवस्था याहून निराळी नाही. त्या घराने कुचराई केली होती, असे कोणी म्हणू शकणार नाही. तरीही ऑगस्ट २०१३ मध्ये नागोया येथील जिल्हा न्यायालयाने पत्नी व थोरला मुलगा दोघांनाही पूर्ण रकमेस जबाबदार धरले. एप्रिल २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने मुलाला सोडले आणि पत्नीने निम्मी, म्हणजे सुमारे ३६ लाख येन, द्यावी असे ठरविले. आधार होता दिवाणी संहितेच्या ७१४ व्या कलमाचा: ज्याला आपल्या कृत्याचे भान नाही, त्याने केलेल्या नुकसानीची भरपाई त्याच्यावर देखरेख करण्यास बांधलेल्या माणसाने करावी. साध्या शब्दांत, पंचाऐंशी वर्षांच्या पहारेकऱ्याने डोळा लागू दिला, हा तिचा प्रमाद.

या निकालांनी देशभर घबराट पसरली. दाराला कुलपे लावल्याखेरीज कोणी आईबापांना घरी ठेवू धजणार नाही, असे शुश्रूषा करणाऱ्यांच्या संघाने स्पष्ट सांगितले. १ मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही निकाल फिरविले. पतिपत्नींनी परस्परांना साहाय्य करावे असे कायदा म्हणतो, एवढ्यावरून पत्नी पतीची कायदेशीर पहारेकरी ठरत नाही. दूर राहणारा मुलगाही, केवळ तो मुलगा आहे म्हणून, ठरत नाही. सबब कोणीही काही देणे लागत नाही. परंतु न्यायालयाने एक दार किलकिले ठेवले. जो प्रत्यक्षात देखरेखीचा भार उचलतो, तो परिस्थिती पाहून जबाबदार ठरू शकेल, असे त्याने म्हटले. पाच न्यायमूर्तींपैकी दोघांच्या मते हा मुलगा तशा पहारेकऱ्यात मोडत होता, मात्र त्याने आपले काम नीट केले होते. म्हणजे जो अधिक करील तो अधिक अडकेल आणि जो पाठ फिरवील तो सुटेल, असा अर्थ यातून निघू शकतो. टीकाकारांनी हे व्यंग तेव्हाच दाखविले, आणि आम्हांलाही ते खरे वाटते.

योगायोग असा की, ज्या डिसेंबरात ओबूचा अपघात झाला, त्याच महिन्याच्या २९ तारखेस आपल्याकडील आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाच्या व कल्याणाच्या अधिनियमास राष्ट्रपतींची संमती मिळाली. मूळ अधिनियमात न्यायाधिकरण आहे, मुलांकडून वसूल करावयाची दरमहा १० हजार रुपयांपर्यंतची रक्कम आहे, वृद्धाला टाकून देणारास तीन महिन्यांपर्यंतची कैद आहे, प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधारांची सोय व्हावी अशी अपेक्षा आहे. वाईट मुलांविरुद्ध हा कायदा उपयोगी आहे. चांगल्या मुलाला रात्री दोन वाजता कोण साहाय्य करणार, याविषयी तो काही बोलत नाही. आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीने साठीवरील ८८ लाख भारतीयांना हा विकार असल्याचा अंदाज दिला आहे. सरकारी नोकरांच्या रजेचे नियम १९७२ चे, आरियोशीबाईंच्या कादंबरीच्या वर्षाचे. त्यांत मुलांच्या संगोपनासाठी ७३० दिवसांची रजा २००८ पासून आली. आईवडिलांच्या शुश्रूषेविषयी विचारले असता २०२५ साली राज्यसभेत सांगण्यात आले की, अर्जित व इतर रजा त्याही कारणासाठी घेता येतात. जपानात आप्तांच्या शुश्रूषेसाठी ९३ दिवसांची रजा कायद्याने मिळते, ती तीन वेळा मिळून घेता येते. आणि तरीही तेथे दरवर्षी सुमारे एक लाख माणसे याच कारणासाठी नोकरी सोडतात.

निकालानंतरची पावले नगरांनी टाकली. हरवलेल्यांची नोंद पोलिसांनी २०१२ पासून वेगळी ठेवण्यास आरंभ केला. त्या वर्षी विस्मृतीमुळे बेपत्ता झालेल्यांच्या ९,६०७ तक्रारी आल्या, २०२३ साली १९,०३९. २०१५ च्या राष्ट्रीय योजनेत बारा खाती एकत्र आली, त्यांत पोलीसही होते. दुकानदार, बँकेतले कारकून, शाळकरी मुले यांना दीड तासाचे शिक्षण देण्याचा उपक्रम २००५ पासूनच चालू होता. जून २०२३ मध्ये संसदेने या विकाराविषयीचा मूलभूत कायदा केला व १ जानेवारी २०२४ पासून तो लागू झाला. योजना आखताना ज्यांना हा विकार आहे त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना विचारले पाहिजे, असे त्यात लिहिले आहे.

परंतु ओबूच्या खटल्याला सर्वांत सरळ उत्तर दिले ते कोबे नगरीने. २०१९ पासून तिने नागरिकांच्या वार्षिक करात दरडोई ४०० येन वाढविले. त्या पैशातून विकाराची तपासणी विनामूल्य होऊ लागली. विस्मृतिग्रस्त माणसाच्या हातून अपघात घडून त्याच्यावर भरपाई लादली गेली, तर २० कोटी येनांपर्यंतचा विमा नगराने उतरविला. आणि ज्या नागरिकाचे नुकसान झाले त्याला, दोष कोणाचा हे ठरण्याची वाट न पाहता, काही रक्कम देण्याचे ठरविले. कराच्या पावतीवर त्या ४०० येनांखाली कोणाचे नाव नसते.